ट्रॅफिकची केस कोर्टात गेली असेल तर ती शोधायची कशी आणि नक्कल काढायची कशी

गाडी विकायला काढली की जुनी चलानं वर येतात. दंड कोर्टात भरून दोन वर्षं झालेली असतात, पण पोर्टलवर ते चलान अजून थकितच दिसत असतं, आणि समोरचा गिऱ्हाईक म्हणतो, "आधी हे क्लिअर करा, मग बोलू." मग धावाधाव सुरू होते. माणूस वाहतूक शाखेत जातो, तिथून आरटीओत जातो, आरटीओतला एजंट त्याला कोर्टात धाडतो आणि कोर्टातला कारकून विचारतो, "केस नंबर काय?" तो त्याच्याकडे नसतो.

नवख्या माणसाची गाडी अडते ती इथेच. चलान मिटवून घ्यायला लागणारी नक्कल, म्हणजे कोर्टाच्या कागदाची सही-शिक्क्याची प्रत, मिळणं फारसं अवघड नाही. आपला कागद नेमका कोणत्या कार्यालयात आहे आणि त्याचा नंबर काय, एवढं घरूनच शोधून निघालात तर कोर्टातलं काम साधं अर्ज-पावतीचं उरतं. पुढची माहिती महाराष्ट्रातल्या ट्रॅफिक केसेससाठी आहे. मोठा भाग इतर राज्यांतही लागू पडेल, पण खिडक्यांची आणि खात्यांची नावं बदलतील.

आधी ठरवा : हा कोर्टाचा कागद आहे का?

ई-चलान म्हणजे कोर्ट केस नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० मध्ये तडजोडीची सोय आहे. हेल्मेट नाही, सीटबेल्ट नाही, सिग्नल तोडला, नो पार्किंग, अशा गुन्ह्यांत ठरलेली तडजोड रक्कम पोलिसांकडे भरली की प्रकरण तिथेच मिटतं. ते कोर्टाच्या दारातही जात नाही. त्यामुळे यूपीआयने भरलेल्या हेल्मेटच्या चलानाची नक्कल कोर्टात मागितली, तर कारकून नाही म्हणेल आणि त्याचं बरोबरच असेल. त्या पैशांचा पुरावा म्हणजे पोलिसांच्या पोर्टलवरची पावती. तिच्यावर भागतं.

कोर्टात कागद तयार होतो तो साधारण चार वाटांनी. चलान बराच काळ न भरल्यामुळे पोलिसांनी ते कोर्टाकडे पाठवलं, ही पहिली वाट. दुसरी, गुन्हाच तडजोडीत न बसणारा असतो. दारू पिऊन गाडी चालवणं, म्हणजे कलम १८५, हे याचं ठळक उदाहरण. तिथे रस्त्यावर पैसे भरून सुटका नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं राहावंच लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तिसरी वाट, तुम्हीच चलान मान्य न करता कोर्टात दाद मागितली. आणि चौथी म्हणजे अपघात. अपघातात पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला जातो, त्याला 'गु.र.नं.' (गुन्हा रजिस्टर नंबर) असतो आणि भारतीय न्याय संहितेची कलमंही लागतात. नुकसानभरपाईचा दावा याहून पूर्ण वेगळा, तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. एकाच अपघाताच्या अशा दोन फायली दोन ठिकाणी असू शकतात. नक्कल मागताना कोणती हवी ते ठरवून जा.

पोलीस आणि कोर्ट यांखेरीज तिसरं कार्यालय म्हणजे आरटीओ. लायसन्स निलंबित झालं असेल किंवा गाडीच्या नोंदीवर 'ब्लॅकलिस्ट' लागलं असेल, तर तो हुकूम परिवहन खात्याचा. त्याची प्रत कोर्टात मिळत नाही.

चलानाचा पूर्ण तपशील काढा

महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की गाडीवरची सगळी चलानं दिसतात. चासी नंबर आरसी बुकावर असतो. दुसऱ्या राज्यात चलान झालं असेल तर केंद्राच्या 'परिवहन'च्या ई-चलान पानावरही पाहा, बहुतेक राज्यांची चलानं तिथे सापडतात.

इथून वहीत उतरवून घ्यायचं ते असं : चलान नंबर, गुन्ह्याची तारीख-वेळ, ठिकाण, लावलेलं कलम आणि चलान करणारी वाहतूक शाखा. ठिकाण आणि शाखा लोक हमखास सोडून देतात. पण केस कोणत्या कोर्टात जाईल हे त्यावरूनच ठरतं. तुम्ही राहता कुठे याचा त्याच्याशी संबंध नाही. राहणार सोलापूरचे आणि सिग्नल तोडलात अंधेरीत, तर केस मुंबईची.

कॅमेऱ्याने टिपलेलं चलान असेल तर फोटोही उतरवून ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा गुन्ह्याची सूचना घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची असते आणि चलान निकाली निघेपर्यंत इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवायची असते. फोटोतली गाडी तुमची नसेल, नंबर प्लेट चुकीची वाचली गेली असेल (तीन आणि आठ यांत गल्लत व्हायला वेळ लागत नाही), तर पुढे कोर्टात सगळ्यात आधी हाच फोटो लागेल.

हे सगळं शोधताना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकला हात लावू नका. 'तुमचं चलान थकित आहे, ही फाइल उघडा' अशा संदेशातून मोबाइलमध्ये भलतंच अ‍ॅप शिरतं आणि बँक खातं रिकामं होतं. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असतं. पत्ता स्वतःच्या हाताने टाइप करा.

व्हर्च्युअल कोर्टात आहे का, ते पाहा

ट्रॅफिकच्या छोट्या केसेससाठी हजेरी न लावता दंड भरायची सोय म्हणजे व्हर्च्युअल कोर्ट. दिल्लीत ते २०१९ मध्ये सुरू झालं. महाराष्ट्रात ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते नागपूरमध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि नागपूर जिल्ह्यातल्या काटोल न्यायालयाशी ते जोडलं गेलं. म्हणून केसच्या तपशिलात काटोलचं नाव दिसलं तर 'मी तर आयुष्यात काटोलला गेलो नाही' म्हणून घाबरू नका.

संकेतस्थळ उघडल्यावर आधी राज्य आणि खातं निवडायचं असतं. एकाच राज्याची वेगवेगळी खाती यादीत स्वतंत्र असू शकतात. दिल्लीची 'नोटीस' आणि 'ट्रॅफिक' अशी दोन आहेत. एका खात्यात 'नोंद नाही' आलं म्हणजे केसच नाही असं समजून उठू नका, दुसरंही तपासा. शोध चार प्रकारे घेता येतो : मोबाइल नंबर, सीएनआर नंबर (केसचा ओळख नंबर, त्याविषयी पुढे), पक्षकाराचं नाव, आणि चलान किंवा गाडीचा नंबर. मला गाडीच्या नंबरचा मार्ग सर्वात भरवशाचा वाटतो. नावाचं स्पेलिंग कोणी कसं केलं असेल सांगता येत नाही, आणि मोबाइल नंबर तर आरसीवर अनेकदा शोरूमवाल्याचाच पडलेला असतो.

केस सापडली की दोन पर्याय दिसतात, दंड भरणं किंवा केस लढवणं. दंड भरला की केस तिथेच निकाली निघते आणि पावती मिळते. ती ताबडतोब डाउनलोड करून दोन ठिकाणी ठेवा. 'लढवतो' म्हटलं की केस त्या हद्दीच्या नेहमीच्या कोर्टात वर्ग होते. तिथे तिला नवा नंबर पडतो आणि व्हर्च्युअल कोर्टातला जुना नंबर पुढच्या कामाला अपुरा ठरतो. केस शोधण्यात सर्वाधिक गोंधळ याच वळणावर होतो.

ई-कोर्ट्सवर केस नंबर शोधा

नेहमीच्या कोर्टातली केस ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर दिसते. सीएनआर नंबर हातात असेल तर काम एका मिनिटाचं. हा १६ अक्षर-आकड्यांचा नंबर असतो : आधी 'एमएच' ही राज्याची अक्षरं, मग जिल्ह्याची दोन अक्षरं, मग त्या न्यायालयाचे दोन आकडे, मग केसचे सहा आकडे आणि शेवटी वर्षाचे चार. समन्सवर तो छापलेला असेल तर पुढचं सगळं सोपं. इंटरनेट धड नसेल तर साधा एसएमएसही चालतो : इंग्रजीत 'ईकोर्ट्स' हा शब्द, एक मोकळी जागा, मग सीएनआर नंबर, आणि पाठवायचं ९७६६८९९८९९ वर. उत्तरात केसची स्थिती येते.

सीएनआर नसेल तर 'केस स्टेटस'मध्ये राज्य, जिल्हा आणि कोर्ट संकुल निवडा. पुढे पक्षकाराचं नाव, केस नंबर, एफआयआर नंबर, कायदा, केसचा प्रकार असे वेगवेगळे टॅब आहेत. नावाने शोधताना पूर्ण नाव भरू नका. आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं आणि वर्ष एवढंच टाका. 'क्षीरसागर' इंग्रजीत किती प्रकारे लिहितात ते आठवा, म्हणजे कारण कळेल. केस गाडीच्या नोंदणीकृत मालकाच्या नावावर असण्याची शक्यता जास्त, चालवणारा कोणीही असो. मुलाने सिग्नल तोडला असेल तर वडिलांचं नावही शोधून पाहा.

यादीत सगळीकडे 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक' असंच दिसेल. त्यातून आपली केस ओळखायची खूण म्हणजे केसचा प्रकार. छोट्या गुन्ह्यांचे संक्षिप्त खटले 'एस.सी.सी.' (समरी क्रिमिनल केस) मध्ये असतात, मोठे 'आर.सी.सी.' (रेग्युलर क्रिमिनल केस) मध्ये. बहुतेक ट्रॅफिक केसेस एस.सी.सी.त मिळतात. अपघाताच्या गंभीर केसेस आर.सी.सी.त पाहा, आणि तिथे पोलीस ठाणं व गु.र.नं. टाकून एफआयआरच्या टॅबमधून शोधणं सर्वात सरळ.

केस उघडल्यावर दाखल झाल्याची तारीख, नोंदणीची तारीख, पुढची किंवा निकालाची तारीख, कोर्ट नंबर आणि निकाल कसा लागला हे सगळं उतरवून घ्या. दाखल तारीख आणि गुन्ह्याची तारीख शेजारी मांडून बघा. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत असते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. मुदत उलटून बऱ्याच काळाने केस दाखल झालेली दिसली तर दंड भरण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा. उशीर माफ करायचा अधिकारही कोर्टाला असतो, त्यामुळे परस्पर 'केस रद्दच' असं गृहीत धरू नका.

निकाल लागलेला असूनही आदेशाची पीडीएफ अनेकदा तिथे नसते. एस.सी.सी.तला आदेश पुष्कळदा एखाद्या परिच्छेदाचा असतो आणि अपलोड होईलच असं नाही. समजा पीडीएफ मिळालीच, तरी तिच्यावर कोर्टाचा शिक्का नसतो. माहितीपुरती ठीक, पण आरटीओ, विमा कंपनी किंवा दूतावास ती स्वीकारत नाहीत असाच अनुभव बहुतेकांना येतो.

कोर्टात जाताना

मुंबईत गुन्ह्याच्या ठिकाणावरून एस्प्लनेड, दादर, कुर्ला, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, मुलुंड वगैरे न्यायालयांपैकी कोणतं ते ठरतं. पुणे शहराच्या बहुतेक केसेस शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतात. तालुक्याच्या गावी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचं कोर्ट गाठायचं. मोठ्या संकुलात शिरल्यावर थेट कोर्टरूम शोधत भटकू नका, आधी ई-सेवा केंद्र विचारा. केसची स्थिती, कोर्टरूम नंबर, नकलेचा ऑनलाइन अर्ज यासाठीच ते उघडलेलं आहे, आणि तिथे गर्दीही कमी असते.

सकाळी अकराच्या सुमाराला कोर्ट बसतं आणि बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, पुकारायला सुरुवात होते. त्या वेळी बेंच क्लार्कला (कोर्टरूममधल्या कारकुनाला) काही विचारणं म्हणजे रागावून घेणं. बोर्ड संपल्यावर किंवा दुपारच्या सुट्टीनंतर जा. ऑनलाइन केस सापडलीच नसेल तर पोलिसांचा पैरवी कर्मचारी, म्हणजे त्यांच्या केसेसचा पाठपुरावा करायला कोर्टात येणारा माणूस, गाठा. वाहतूक शाखेने कोणती चलानं कोणत्या तारखेला कोर्टात दिली याची नोंद त्याच्याकडे किंवा शाखेत असते. चलान नंबर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी त्याच्या हातात द्या. तोंडी सांगितलेलं तो विसरतो. दिवसभरात त्याला असे पन्नास जण भेटत असतील.

आपल्यावर वॉरंट निघालेलं असू शकतं, हे मात्र आधी ई-कोर्ट्सवर किंवा वकिलाकडून तपासून जा. समन्स चुकवल्यावर तसं होतं. केस चालू असेल आणि तुम्ही हजरच झाला नसाल, तर नकलेच्या आधी हजेरीचं बघावं लागतं.

कोणत्या कागदाची नक्कल मागायची?

'केसचे सगळे कागद द्या' असा अर्ज करू नका. पानं वाढतात, खर्च वाढतो, वेळ जातो. कामाचे कागद तीनच.

पहिला, निकाल किंवा अंतिम आदेश. दुसरा, रोजनामा. प्रत्येक तारखेला काय झालं याची ओळीओळीची नोंद त्यात असते : 'आरोपी हजर. गुन्हा वाचून दाखवला. आरोपीने गुन्हा कबूल केला. दंड भरला. खटला निकाली.' छोट्या केसमध्ये स्वतंत्र निकालपत्र नसेल तर हाच रोजनामा मदतीला येतो. आणि तिसरा, दंड भरल्याच्या पावतीची कोर्टातली प्रत. आपली मूळ पावती पाकिटात चुरगळून तिची शाई उडालेली असते, कोर्टाची प्रत मात्र फायलीत असते.

अपील करायचं असेल तर समन्स, पोलिसांचा अहवाल आणि साक्षीपुरावेही लागतील, पण तो निर्णय वकिलावर सोडा. गुन्हा कबूल करून दंड भरला असेल तर शिक्षेच्या प्रमाणाविषयी किंवा कायदेशीरपणाविषयी सोडून अपील करता येत नाही. तसंच संक्षिप्त खटल्यात २०० रुपयांपर्यंतच दंड झाला असेल, तरी अपील नाही.

अर्ज

नक्कल विभागात छापील नमुना मिळतो. नसला तर साध्या कागदावर असं लिहा :

मा. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी साहेब, (गाव) यांचे न्यायालयात
एस.सी.सी. क्र. ……/२०……
सीएनआर क्र. ……………
महाराष्ट्र शासन (…… वाहतूक शाखा) – फिर्यादी
विरुद्ध
(तुमचं केसमध्ये लिहिलेलं नाव) – आरोपी

विषय : सही-शिक्क्याच्या नकला मिळणेबाबत.

अर्जदार विनंती करतो की, वरील खटल्याचा निकाल दि. ……… रोजी लागला असून अर्जदार सदर खटल्यात आरोपी आहे. सदर नकला वाहतूक शाखा व आरटीओ कार्यालयात सादर करावयाच्या आहेत. तरी (१) अंतिम आदेश, (२) दि. ……… ते दि. ……… चा रोजनामा, (३) दंडाच्या पावतीची प्रत, यांच्या प्रत्येकी दोन नकला मिळाव्यात. नकलेचा नियमाप्रमाणे होणारा खर्च भरण्यास अर्जदार तयार आहे.

खाली तारीख, सही, पत्ता, मोबाइल नंबर. सोबत आधार किंवा लायसन्सची झेरॉक्स.

पुष्कळांना स्वतःच्या हाताने 'आरोपी' लिहायला नको वाटतं आणि ते 'गाडीमालक' लिहितात. तसं करू नका. केसमध्ये तुमचं जे स्थान आहे तेच लिहिलं की कारकून पुढचे प्रश्न विचारत नाही. केसमध्ये नाव चुकलेलं असेल तर तेच चुकीचं नाव लिहून पुढे 'म्हणजेच' घालून बरोबर नाव लिहा आणि ओळखपत्र जोडा. प्रत्येकी दोन नकला मागायचं कारण पुढे येईलच.

अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा असतो. तो आवारातल्या मुद्रांक विक्रेत्याकडे मिळतो. किती रुपयांचा, ते नक्कल विभागाच्या खिडकीवरच विचारा, आवारात फिरणाऱ्या माणसाला नको. पानांचा खर्च फाइल आल्यावर मोजून सांगतात. 'अर्जंट' नक्कल हवी असेल तर जादा पैसे लागतात आणि अर्जावर तसं ठळक लिहावं लागतं. स्वतःच्या केसच्या नकलेला वकील लावायची गरज नाही. तुम्ही परगावी असाल तर वकिलामार्फत किंवा सही केलेलं अधिकारपत्र देऊन घरच्या माणसामार्फत अर्ज करता येतो. अधिकारपत्र चालेल का हे त्या कोर्टात आधी विचारून घ्या.

अर्ज दिल्यावर अर्ज नंबर आणि 'या तारखेला या' अशी तारीख मिळते. नंबर न घेता खिडकी सोडू नका. चालू केसची फाइल कोर्टातून येते, निकाली निघालेल्या केसची अभिलेख कक्षातून. दुसऱ्याला वेळ लागतो, आणि दिलेल्या तारखेला नक्कल तयार नसेल हे धरूनच चाला.

नक्कल हातात आल्यावर

खिडकीसमोरच उभं राहून तपासा. प्रत्येक पानावर शिक्का आणि शेवटच्या पानावर सहीनिशी 'खरी नक्कल' असल्याचा शेरा हवा. केस नंबर, तुमचं नाव, गाडीचा नंबर आणि दंडाची रक्कम चारही जागी बरोबर आहे का ते पाहा. मागच्या बाजूला अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. अपील करायचं असेल तर त्या तारखांना किंमत आहे, कारण नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात. टायपिंगची चूक दिसली तर तिथल्या तिथे परत द्या. घरी गेल्यावर दुरुस्ती मागायला नवा अर्ज लागेल.

परदेशी कामासाठी नक्कल हवी असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तालुका कोर्टातला रोजनामा मराठीत असतो, बऱ्याचदा हाताने लिहिलेला. अमेरिकेत नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्याला पूर्वीच्या अटकेच्या किंवा खटल्याच्या निकालाची कोर्टाची प्रत इंग्रजी भाषांतरासह द्यावी लागू शकते. भाषांतर कोणी केलं आणि त्याने काय प्रमाणित केलं हेही तिथे पाहिलं जातं. अक्षर लागत नसेल तर कारकुनाकडूनच वाचून घ्या, अंदाजाने भाषांतर करू नका.

दुसऱ्याच्या केसचा कागद हवा असेल तर

सेकंड हँड गाडी घेणाऱ्याला हा प्रश्न पडतो. गाडीच्या नंबरवरून चलानं आणि व्हर्च्युअल कोर्टातल्या केसेस तुम्ही स्वतः पाहू शकता. नक्कल मात्र विकणाऱ्यालाच काढायला सांगा, आणि तीही पैसे देण्याआधी. निकालाने ज्याच्यावर परिणाम होतो असा माणूस कारण देऊन अर्ज करू शकतो, त्रयस्थालाही कोर्टाच्या परवानगीने नक्कल मिळू शकते. पण एका जुन्या स्कूटरसाठी एवढा खटाटोप कशाला? मालकाच्या एका सहीचं ते काम आहे.

उलटंही घडतं. गाडी विकून वर्षं झाली, पण घेणाऱ्याने आरसी नावावर केली नाही आणि समन्स तुमच्या दारात आलं. अशा वेळी नकलेसोबत विक्रीचा करार, डिलिव्हरीची पावती, आरटीओत दिलेल्या फॉर्मची पोच असं जे काही असेल ते घेऊन वकिलाकडे जा.

माहिती अधिकारात कोर्टाचे कागद मागू का, असं बरेच जण विचारतात. नको. न्यायालयीन नोंदींच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच मागायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाशी संबंधित प्रकरणात ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केलं आहे. माहिती अधिकार उपयोगी पडतो तो वाहतूक शाखेत आणि आरटीओत. 'अमुक चलान कोणत्या तारखेला, कोणत्या न्यायालयात पाठवलं, त्याचा जावक क्रमांक काय' एवढाच मुद्देसूद प्रश्न विचारा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यायचा, उत्तराची मुदत ३० दिवस. पैरवी कर्मचाऱ्याकडून काही कळेना तेव्हा हा मार्ग खात्रीचा आहे.

लोकअदालतीचा एसएमएस

राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी थकित चलानवाल्यांना संदेश जातात. बहुतेक वेळा ही दाखलपूर्व प्रकरणं असतात, म्हणजे केस अजून कोर्टात दाखल झालेली नसते आणि ई-कोर्ट्सवर शोधून सापडत नाही. तिथे तडजोड झाली की निवाडा होतो. त्यावर अपील नसतं आणि तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा धरला जातो. निवाड्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. नंतर ती शोधायला तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावं लागतं, नक्कल विभागात नाही. हा फरक माहीत नसलेले लोक दोन्हीकडे चकरा मारताना मी पाहिले आहेत.

केस जुनी आणि फाइल मिळत नाही

छोट्या खटल्यांच्या फायली कोर्ट कायमच्या ठेवत नाही. ठरलेली मुदत संपली की त्या नष्ट केल्या जातात. 'रेकॉर्ड नाही' असं तोंडी सांगितलं तर तेवढ्यावर परतू नका. नकलेचा अर्ज रीतसर द्या आणि त्यावर 'अभिलेख नष्ट, नक्कल देता येत नाही' असा लेखी शेरा मागा. फाइल गेली असली तरी केस रजिस्टरमधली नोंद शिल्लक असू शकते, तिचा उतारा मिळेल का तेही विचारा. परदेशी कचेऱ्यांतही असा शिक्क्याचा शेरा बरेचदा चालतो, नुसतं तुमचं म्हणणं चालत नाही.

शेवटचं काम : पोर्टल दुरुस्त करून घेणं

कोर्टात दंड भरला म्हणून पोलिसांच्या पोर्टलवरचं चलान आपोआप मिटेलच असं नाही. दोन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि एकीची खबर दुसरीला उशिरा पोचते, कधी पोचतच नाही. म्हणून नक्कल घेऊन ज्या शाखेने चलान केलं तिथे जा. चलान नंबर, एस.सी.सी. नंबर, दंडाची रक्कम आणि तारीख लिहिलेला एक पानी अर्ज करा, त्याला एक नक्कल जोडा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. दुसरी नक्कल घरी ठेवा, आरटीओने मागितली तर ती दाखवायला. आठवड्याभराने पोर्टल पाहा. चलान तरीही थकित दिसत असेल तर आवक शिक्क्याची प्रत घेऊन त्याच शाखेच्या वरिष्ठ निरीक्षकांना भेटा. आरटीओतली ब्लॅकलिस्टची नोंद याच चलानामुळे असेल तर ती निघाल्याची खात्री होईपर्यंत गाडी हस्तांतराचे फॉर्म भरू नका.